योहान याकोब रायस्के : अरबी विद्येचा निष्कांचन उपासक

पेशवाईंतील जुने मोडी कागद ज्यांनीं पाहिले असतील त्यांना तारखेच्या ओळींत येणारे 'खमस', 'सबैन', 'मया', 'अलफ' असले शब्द परिचयाचे असतील. हे शब्द मराठी नव्हेत, संस्कृत नव्हेत आणि मूळचे फारसीही नव्हेत. ते अरबी अंक आहेत. शुहूर सनाचें वर्ष लिहिण्याची ही आपल्याकडील जुनी रीत. खमस म्हणजे पांच, सबैन म्हणजे सत्तर, मया म्हणजे शंभर व अलफ म्हणजे हजार. मिळून अकराशें पंचाहत्तर. इंग्रजी कालगणनेप्रमाणें हें वर्ष सन १७७४ च्या मृगापासून सुरू झालें. आपल्या कारकुनांच्या लेखणींतून हे शब्द नित्य उतरत. परंतु त्यासाठीं अरबी भाषा शिकण्याची त्यांना कधीं गरज पडली नाहीं. वकील, हुकूम, हिशेब, तारीख, कलम, खबर हे शब्दही आपण असेच वापरतों आणि ते कोठून आले हें विचारीत नाहीं. त्याच वर्षीं, आगस्ट महिन्याच्या १४ व्या तारखेस, जर्मनींतील लाइपझिग शहरीं एका हायस्कुलाचा हेडमास्तर मरण पावला. अरबी ग्रंथांचें त्याच्याइतकें वाचन त्याच्या काळीं युरोपांत दुसऱ्या कोणाचेंही नव्हतें. आणि या ज्ञानाबद्दल त्याला जन्मभर जें मोल मिळालें तें ऐकून विद्यार्थिमित्रांना आश्चर्य वाटल्यावांचून राहणार नाहीं. त्याचें नांव योहान याकोब रायस्के.

रायस्केचा जन्म सन १७१६ च्या डिसेंबरच्या २५ व्या तारखेस, म्हणजे नाताळच्या दिवशीं, सॅक्सनी प्रांतांतील त्सेर्बिग नांवाच्या लहानशा गांवीं झाला. बापाचा धंदा कातडीं कमावण्याचा. घरीं विद्येची परंपरा नव्हती. वयाच्या बाराव्या वर्षीं त्याला हाले येथील प्रसिद्ध अनाथालयाच्या शाळेंत घालण्यांत आलें. ही शाळा फ्रांके नांवाच्या धर्मोपदेशकानें स्थापन केलेली होती, आणि तिचा हिंदुस्थानाशींही दूरचा संबंध आहे. कारण सन १७०६ त तरंगंबाडीस येऊन तामिळ भाषा शिकणारा मिशनरी झीगेनबाल्ग हा हाले येथेंच फ्रांकेच्या हाताखालीं शिकलेला होता. या शाळेंत चार वर्षें काढून रायस्के सन १७३३ त लाइपझिगच्या विश्वविद्यालयांत गेला.

तेथें त्याच्या मनानें एकाएकीं अरबी भाषेचा ध्यास घेतला. हा ध्यास कोठून आला हें सांगणें त्याला स्वतःलाही कठीण गेलें असतें. शिक्षक नव्हता, सोबती नव्हता, या विद्येनें पोट भरेल अशी आशा तर मुळींच नव्हती. घरून जो थोडासा पैसा येई तो अन्नावर खर्च न होतां पुस्तकांवर खर्च होऊं लागला. त्या काळीं युरोपांत अरबी अक्षरांत छापलेलीं पुस्तकें इतकीं थोडीं होतीं कीं, चिकाटीच्या माणसानें मनांत आणल्यास तीं सगळीं वाचून संपवावीं. रायस्केनें तीं जवळजवळ संपविलीं, आणि मग तो हस्तलिखितांकडे वळला. अल्‌-हरीरी या ग्रंथकाराच्या 'मकामात' नांवाच्या कथासंग्रहांतील सव्विसावें प्रकरण त्यानें हस्तलिखितावरून तयार करून सन १७३७ त छापून काढलें. त्या वेळीं त्याला एकविसावें वर्ष चाललें होतें.

आतां लाइपझिगमध्यें शिकण्यासारखें कांहीं उरलें नाहीं असें त्याला वाटलें. अरबी विद्येचें माहेरघर म्हणजे हॉलंडांतील लायडन. तेथें सन १६१३ त एर्पेनियस यानें अरबी भाषेचें व्याकरण प्रसिद्ध केलें होतें व तें पुढें दीर्घकाळ साऱ्या युरोपांत चालत होतें. त्याचा शिष्य गोलियस यानें सन १६५३ त मोठा अरबी-लॅटिन कोश छापला. पुढें लेविनस वार्नर नांवाचा डच वकील कॉन्स्टँटिनोपल येथें असतां त्यानें जमविलेलीं सुमारें हजार पौर्वात्य हस्तलिखितें मृत्युपत्रान्वयें या विश्वविद्यालयास मिळालीं. या हस्तलिखितांचें दर्शन घेण्यासाठीं रायस्के सन १७३८ त निघाला. जवळ पैसा नव्हता. हांबुर्ग येथें वोल्फ नांवाच्या एका विद्वान गृहस्थानें त्याला मदत केली. आम्स्टरडाममध्यें दॉर्व्हिल नांवाच्या श्रीमंत पंडितानें त्याला सालिना सहाशें गिल्डर वेतनावर आपला लेखक म्हणून ठेवून घेण्याची तयारी दाखविली. सहाशें गिल्डर ही उपाशी विद्यार्थ्याच्या दृष्टीनें मोठीच रक्कम. परंतु रायस्के लायडनला जाण्यासाठीं निघाला होता, आम्स्टरडामला राहण्यासाठीं नव्हे. त्यानें नकार दिला व जून महिन्याच्या ६ व्या तारखेस तो लायडनला पोंचला. पाहतो तों सत्र संपून व्याख्यानें बंद झालेलीं, आणि ज्या हस्तलिखितांसाठीं एवढा प्रवास केला त्यांना हात लावण्याची परवानगी नाहीं!

तरीही तो तेथें आठ वर्षें राहिला. खासगी शिकवण्या करणें व छापखान्यासाठीं मुद्रितें तपासणें यांवर त्याचा चरितार्थ चाले. तेथील अरबीचा अध्यापक आल्बर्ट शुल्टेन्स यानें त्याला आपल्या व्याख्यानांस बसविलें, आणि हस्तलिखितें गुपचूप घरीं नेण्यासही मोकळीक दिली. हळूहळू साऱ्या संग्रहाचें दार त्याला उघडें झालें. त्यानें त्या संग्रहाची नवी यादी तयार केली; या कामांत जवळजवळ एक सबंध उन्हाळा गेला. ग्रंथालयाच्या चालकांनीं या श्रमाबद्दल त्याला नऊ गिल्डर दिले. ज्यानें सहाशें गिल्डर नाकारले होते त्याला नऊ गिल्डर मिळाले हा हिशेब वाचकांनीं लक्षांत ठेवण्याजोगा आहे. सन १७४२ त त्यानें तरफा या प्राचीन अरब कवीचें प्रख्यात काव्य जुन्या टीकेसह प्रसिद्ध केलें.

येथें गुरुशिष्यांमधील एका मतभेदाचा उल्लेख केला पाहिजे. कारण रायस्केच्या चरित्रांतील मर्म त्यांतच आहे. त्या काळीं युरोपांत अरबी शिकत ते मुख्यतः जुन्या करारासाठीं. हिब्रू आणि अरबी या भगिनीभाषा. हिब्रू शास्त्रांतील एखादा शब्द दुर्बोध झाला कीं, तशाच धातूचा अरबी शब्द शोधावा व त्याच्या अर्थावरून हिब्रूचा अर्थ ठरवावा, ही शुल्टेन्सची पद्धति. या पद्धतींत तथ्य नाहीं असें नव्हे. तिनें कांहीं कोडीं खरोखरच सुटलीं. परंतु तिच्यामुळें अरबी ही हिब्रूची दासी होऊन बसली. कल्पना करा कीं, कोणी परदेशी पंडित मराठी शिकला, आणि त्यानें ज्ञानेश्वरी उघडली ती केवळ एखाद्या संस्कृत धातूचा लुप्त अर्थ सांपडतो काय हें पाहण्यासाठीं. ओवींत काय सांगितलें आहे याकडे त्यानें ढुंकूनही पाहिलें नाहीं. रायस्केला हें सहन होईना. त्याचें म्हणणें असें कीं, ज्या लोकांनीं स्पेनपासून सिंधूपर्यंत राज्यें केलीं, ज्यांनीं इतिहास, भूगोल, वैद्यक या विषयांवर शेंकडों ग्रंथ लिहिले, त्यांची भाषा त्यांच्यासाठीं, त्यांचें काय म्हणणें आहे तें कळावें म्हणून शिकली पाहिजे. यमन देशांतील अतिप्राचीन म्हणून सांगितल्या जाणाऱ्या कांहीं कविता शुल्टेन्सनें खऱ्या धरल्या होत्या. शिष्य मात्र त्यांना भुलला नाहीं. आणि आपलें मत मनांत ठेवणें हा त्याचा स्वभाव नव्हता.

स्वभावाचा हा दोष त्याला फार महागांत पडला. बुर्मान नांवाच्या पंडितानें संपादिलेल्या पेट्रोनियस या लॅटिन ग्रंथकाराच्या दुसऱ्या आवृत्तीचीं मुद्रितें तपासण्याचें काम त्याच्याकडे होतें. त्या कामांत त्यानें स्वतःला सुचलेल्या पाठदुरुस्त्या परस्पर मजकुरांत घातल्या. दुरुस्त्या कितीही मार्मिक असल्या तरी दुसऱ्याच्या पुस्तकांत असा हात घालण्याचा त्याला अधिकार नव्हता. येथें त्याची बाजू घेणें शक्य नाहीं. आश्रयदाते दूर झाले, आणि लायडनमध्यें अध्यापकाची जागा मिळण्याची आशा संपली. दॉर्व्हिल मात्र लवकरच पुन्हा वळला, कारण रायस्केवांचून त्याचें चालेना. रायस्केनें शोध करावे आणि दॉर्व्हिलनें ते आपल्या भाषेंत सजवून आपल्या नांवावर प्रसिद्ध करावे असा तो व्यवहार होता.

शुल्टेन्सच्याच सल्ल्यावरून रायस्के वैद्यक शिकूं लागला. भाषेनें पोट भरत नाहीं तर औषधानें तरी भरावें! तेथेंही तो अरबांना विसरला नाहीं. सन १७४६ त त्यानें पदवीसाठीं जो प्रबंध सादर केला तो अरबी ग्रंथांतून काढलेल्या वैद्यकीय निरीक्षणांचा होता. त्याच्या कांहीं विधानांना जडवादाचा वास येतो असा आक्षेप धर्मशास्त्राच्या अध्यापकांनीं ऐन वेळीं घेतला. तेव्हां ज्याच्या मतांवर तो उघड टीका करीत असे त्या शुल्टेन्सनेंच मध्यें पडून तो आक्षेप दूर केला, आणि पदवीची फीही माफ करविली. गुरूच्या मनाचा हा मोठेपणा रायस्केनें पुढें मान्य केला आहे. तरीसुद्धां लाइपझिगला परतल्यावर दोन-तीन वर्षांतच त्यानें शुल्टेन्सच्या ग्रंथांवर इतके कठोर अभिप्राय छापले कीं, म्हाताऱ्या शुल्टेन्सला सन १७४९ त जाहीर पत्रें लिहून त्यांना उत्तर द्यावें लागलें. पुढच्याच वर्षीं शुल्टेन्स वारला. मुद्द्याच्या बाबतींत शिष्याचें बरोबर होतें असाच पुढील पिढ्यांनीं निर्णय दिला. पण सत्य सांगण्याला थोडी सौम्य भाषा लाभली असती तर त्या सत्याचें कांहीं बिघडलें नसतें.

लाइपझिगमधील पुढचीं बारा वर्षें त्याच्या आयुष्यांतील सर्वांत कष्टाचीं होत. डॉक्टर म्हणून पाटी लावली तरी रोगी येईनात. तो लाजाळू व मानी. आणि तेथील डॉक्टर परक्या विश्वविद्यालयाच्या पदवीधराकडे रोगी पाठविण्यास तयार नव्हते. सॅक्सनीच्या युवराजास त्यानें एक अरबी अर्पणपत्र सादर केलें, त्याबद्दल त्याला प्रोफेसर ही पदवी मिळाली. पण विश्वविद्यालयांतील अध्यापकवर्गानें त्याला आपल्यांत कधींच बसूं दिलें नाहीं. भाषांतरें करणें, सूची करणें, मुद्रितें तपासणें हीच मजुरी पुन्हा त्याच्या वाट्याला आली, आणि लायडनपेक्षां येथें तिचा दर पुष्कळच कमी होता. या दिवसांतही दरसाल आपल्या म्हाताऱ्या आईला एक चामड्याचें पान विकत घेऊन पाठविण्याचा त्याचा परिपाठ होता. तें तुकड्यातुकड्यांनीं विकून तिनें आपला निर्वाह करावा. आणि एवढ्या तंगींत जो पैसा हातीं येई तो तो कशांत घाली? स्वखर्चानें मोठमोठे ग्रंथ छापण्यांत! हमा येथील राजा व इतिहासकार अबुल्‌-फिदा (सन १२७३–१३३१) याच्या बखरीच्या पहिल्या भागाचें लॅटिन भाषांतर त्यानें सन १७५४ त असेंच छापलें. गिऱ्हाईक नव्हतें, प्रती पडून राहिल्या, पुढील भाग छापणें अशक्य झालें. आपण अरबी वाङ्मयासाठीं हुतात्मा झालों असें त्यानें स्वतःबद्दल लिहून ठेवलें आहे, तें याच अनुभवावरून.

दारिद्र्याखेरीज त्याच्या विरुद्ध आणखी एक गोष्ट होती. सतराव्या शतकाच्या अखेरीस, सन १६९७ त, हंफ्री प्रीडो नांवाच्या इंग्रज धर्मगुरूनें महंमद पैगंबरांचें जें चरित्र लिहिलें त्याचा सारा रोख कपट म्हणजे काय तें दाखविण्याचा होता. पुढच्याच वर्षीं माराच्ची या इटालियन पंडितानें कुराणाचें उत्कृष्ट लॅटिन भाषांतर प्रसिद्ध केलें, पण त्याच्या जोडीला भलामोठा खंडनग्रंथ जोडला. डच पंडित रेलांट यानें सन १७०५ त आणि कुराणाचा इंग्रजी भाषांतरकार जॉर्ज सेल यानें सन १७३४ त बराच निःपक्षपात दाखविला, हें खरें. तरी सामान्य रीत अशी होती कीं, इस्लामविषयीं लिहितांना आरंभींच निंदेचे दोन शब्द लिहावे आणि मग पुढें जावें. रायस्केनें ही रीत पाळण्याचें नाकारलें. पैगंबरांना लबाड म्हणणें व त्यांच्या धर्माला हास्यास्पद गोष्टींचा संग्रह ठरविणें त्याला पटेना. स्वतः ख्रिस्ती असून त्यानें असें मत मांडलें कीं, अरबस्तानच्या वाळवंटांतून एक धर्म उठतो आणि थोडक्या काळांत निम्म्या ज्ञात जगाचें स्वरूप पालटतो, ही घटना ईश्वरी योजनेवांचून घडलेली नाहीं. जगाच्या इतिहासाचे पवित्र व लौकिक असे दोन भाग पाडून मुसलमानी राष्ट्रांना दुसऱ्या भागाच्या कोपऱ्यांत ढकलण्याची चालही त्यानें सोडली, आणि त्या राष्ट्रांचा इतिहास जगाच्या इतिहासाच्या मध्यभागीं ठेवला. आज हें आपणांस साधें वाटतें. त्या काळीं मात्र अशा लिहिण्यानें मनुष्य नास्तिक ठरे, आणि नास्तिक ठरलेल्या मनुष्याला नोकरी कोण देणार? चार शिव्या लिहिल्या असत्या तर कदाचित् त्याची भाकरी सुटली असती. त्यानें त्या लिहिल्या नाहींत.

विरोधकांमध्यें गटिंगनचा नामांकित पंडित मिखाएलिस हाही होता. याच्याच सूचनेवरून डेन्मार्कच्या राजानें सन १७६१ त अरबस्तानांत एक शोधक मंडळी पाठविली. अरबी ग्रंथांचा एवढा जाणता रायस्के युरोपांत असतां त्या मंडळींतील भाषापंडिताची जागा मिखाएलिसच्या पसंतीच्या फॉन हावेन याला मिळाली. फॉन हावेन व वनस्पतिशास्त्रज्ञ फोर्सकाल हे दोघे यमनांत वारले, चित्रकार बाउरेनफाइंड समुद्रांत वारला, डॉक्टर क्रामर मुंबईंत वारला. परत गेला तो एकटा कार्स्टन नीबुर. सन १७६३ त मुंबईस येऊन घारापुरीच्या लेण्यांचीं मापें व चित्रें काळजीपूर्वक घेणारा नीबुर तो हाच. हा नीबुर रायस्केच्या विद्वत्तेचा मोठा चाहता होता. रायस्केनें मात्र अरबांचा देश कधींच पाहिला नाहीं. त्याचा सारा अरबस्तान हस्तलिखितांच्या पानांत होता.

अखेर सन १७५८ त लाइपझिगच्या नगराधिकाऱ्यांना त्याची कीव आली असें म्हणा कीं त्याची योग्यता कळली असें म्हणा, त्यांनीं त्याला सेंट निकोलाय शाळेचा मुख्याध्यापक नेमलें. तत्त्ववेत्ता लाइब्निट्स लहानपणीं याच शाळेंत शिकला होता. वयाच्या बेचाळिसाव्या वर्षीं रायस्केला पहिल्यानें नियमित पगार दिसला. ही जागा त्यानें मरेपर्यंत, सोळा वर्षें, सांभाळली. विश्वविद्यालयांतील थोरांनीं त्याला शेवटपर्यंत जवळ केलें नाहीं. परंतु प्रशियाचा राजा फ्रेडरिक व नाटककार लेसिंग यांच्यासारख्यांचा आदर त्यानें मिळविला. अरबी ग्रंथांना प्रकाशक नाहीं हें एव्हांना कळून चुकल्यामुळें या काळांत त्यानें छापलें तें बहुतेक ग्रीक. ग्रीक वक्त्यांच्या भाषणांची बारा खंडांची आवृत्ति हें त्याचें या क्षेत्रांतील मोठें काम. अरबीवरील टिपणें तेवढीं पेटींत सांठत राहिलीं.

सन १७६४ त, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षीं, त्यानें एर्नेस्टीन म्युलर हिच्याशीं विवाह केला. ती त्याच्याहून अठरा वर्षांनीं लहान. तिनें पतीला मदत व्हावी म्हणून लॅटिन व ग्रीक शिकून घेतलें, आणि निरनिराळ्या हस्तलिखितांतील पाठ ताडून पाहण्याचें किचकट काम आपल्याकडे घेतलें. डोळ्यांची व पाठीची परीक्षा पाहणारें हें काम किती कंटाळवाणें असतें तें ज्यानें केलें असेल त्यालाच कळेल. ग्रीक वक्त्यांच्या ग्रंथाचा छपाईखर्च भागेना तेव्हां तिनें आपले दागिने काढून दिले. रायस्केनेंही हें विसरला नाहीं अशी खूण ठेवली आहे: त्या ग्रंथाच्या पहिल्या खंडांत त्याच्या चित्राशेजारीं तिचें चित्र छापलेलें आहे. अठराव्या शतकांतील पंडितांच्या ग्रंथांत पत्नीला असें स्थान क्वचितच मिळालें असेल.

रायस्के वारल्यावर त्या आवृत्तीचे राहिलेले खंड एर्नेस्टीननें पुरे केले. अरबी हस्तलिखितें व टिपणें लेसिंगच्या मध्यस्थीनें डेन्मार्कमधील सूम नांवाच्या विद्वान अधिकाऱ्याकडे गेलीं आणि तेथून कोपनहेगनच्या राजग्रंथालयांत पोंचलीं. अरबी नाण्यांविषयीं रायस्केनें लिहिलेलीं पत्रेंही मागून प्रसिद्ध झालीं. त्या शास्त्राचा पाया याच पत्रांनीं घातला असें फ्रेंच पंडित द सासी यानें म्हटलें आहे. अरबी व्याकरणाची व भाषाशास्त्राची शिस्त युरोपांत लावली ती या द सासीनें. त्या बाबतींत रायस्के कमी पडे. भाषेचा घाट किंवा कवितेचें वृत्त यांत त्याला फारसा रस नव्हता, आणि ज्या हरीरीपासून त्यानें आरंभ केला तोही त्याला पुढें निव्वळ शब्दांचा कसरतपटू वाटूं लागला होता. त्याला हवी होती घडलेल्या गोष्टींची माहिती.

ज्या अबुल्‌-फिदाच्या बखरीला सन १७५४ त गिऱ्हाईक मिळालें नाहीं ती सबंध बखर, अरबी मूळ, रायस्केचें लॅटिन भाषांतर व त्याच्या विस्तृत ऐतिहासिक टीपा यांसह, कोपनहेगन येथें सन १७८९ पासून पांच खंडांत छापून निघाली. त्यापूर्वींच, सन १७८३ त, एर्नेस्टीननें पतीचें स्वतःच्या हातचें आत्मचरित्र प्रसिद्ध केलें होतें. आईला पाठविलेलें चामड्याचें पान आणि लायडनचे ते नऊ गिल्डर यांसारख्या गोष्टी आज आपल्यापर्यंत आल्या आहेत त्या मुख्यतः त्या पुस्तकामुळें.